आजच्या प्रॉपर्टी कार्डापासून मोडी रुमालापर्यंत: जुन्या वाड्याचा इतिहास कसा शोधावा

माझ्या माहेरच्या वाड्याबद्दल तीन गोष्टी मी लहानपणापासून ऐकत आले. वाडा पेशव्यांनी दिला, तो अडीचशे वर्षांचा आहे आणि देवघराखाली भुयार आहे. भुयाराचं आधीच सांगून टाकते: ते धान्याचं पेव निघालं. उरलेल्या दोन गोष्टींचा छडा लावण्यात चार वर्षं गेली. त्यातली निम्मी चुकीच्या टोकापासून सुरुवात केल्यामुळे गेली. ती तुमची जाऊ नयेत म्हणून हा लेख.

सातारा जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावातलं आमचं घर, म्हणून उदाहरणं देशावरची आहेत. पुणे, नगर, नाशिक, सांगलीकडेही थोड्याफार फरकाने हेच दप्तर आहे. गोव्यात मात्र पोर्तुगीज अमदानीच्या नोंदींची व्यवस्थाच वेगळी, तो स्वतंत्र विषय आहे.

चुकीचं टोक म्हणजे घरातली दंतकथा. मी थेट पेशवाईत उडी मारली आणि पुराभिलेखागारात आमचं आडनाव शोधत बसले. आडनाव सापडलंही. चार वेगळ्या गावांत, चार वेगळी घराणी. आमच्याशी एकाचाही संबंध नव्हता. शोध नेहमी आजच्या कागदापासून मागे न्यायचा, एकेक पायरी. एखादी पायरी हाती लागली नाही तर तिथेच थांबायचं, वरून उडी मारायची नाही.

दुसरी गोष्ट मला फार उशिरा कळली. "घराचा इतिहास" म्हणून आपण जे शोधतो ते तीन वेगळे इतिहास असतात: जागेचा, मालकांचा आणि बांधकामाचा. कागद जागेबद्दल आणि मालकांबद्दल भरभरून बोलतात, बांधकामाबद्दल क्वचित. जागा तीनशे वर्षं जुनी, मालक दीडशे वर्षांचे आणि माडी १९३०च्या दशकातली, असं अगदी सर्रास असतं. वहीचे पहिल्या दिवशीच तीन भाग करा आणि प्रत्येक नोंद कोणत्या भागात जाते ते ठरवूनच लिहा.

आधी घरातली माणसं, मग घरातली ट्रंक

कागद काढायला निघण्याआधी भाऊबंदांना सांगा. हा सल्ला इतिहासाचा नाही, पण याच्यावाचून इतिहास होत नाही. "माहेरवाशीण प्रॉपर्टी कार्ड काढतेय" ही बातमी आमच्याकडे दोन दिवसांत नाशिकपासून बडोद्यापर्यंत पोचली. काकांचा फोन आला, "कशाला गं काढतेस कागद? काही हवंय का तुला?" २००५ नंतर मुलींच्या वाट्याचा कायदा सगळ्यांना तोंडपाठ आहे. मी मग सगळ्यांना एकच पत्र लिहिलं: काय शोधतेय, का शोधतेय, जे सापडेल त्याची प्रत प्रत्येकाला मिळेल. त्यानंतर काकांनीच माळ्यावरची ट्रंक खाली काढून दिली.

माणसांशी बोलताना "घर किती जुनं?" असं विचारू नका, उत्तर ठरलेलं असतं. त्याऐवजी विचारा: वीज कधी आली? नळ कुठे होता? मागची खोली कोणाच्या लग्नाच्या वेळी बांधली? कोणत्या भिंतीला हात लावायला आजी देत नसे? तारखा बरोबर येत नाहीत, पण क्रम बहुधा बरोबर येतो. "माडी झाली तेव्हा मी पाळण्यात" हे आत्याचं वाक्य मला कुठल्याही दाखल्याइतकं उपयोगी पडलं. घरातल्या लेकीसुनांना बांधकाम जास्त आठवतं आणि पुरुषांना खटले, हा माझा अनुभव. जुन्या भाडेकरूंना विसरू नका. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्यानंतर कित्येक वाड्यांत भाडेकरूंच्या दोन-तीन पिढ्या नांदल्या. भाडेपावत्या आणि चौकातल्या मुंजीचे फोटो बहुतेक त्यांच्याकडेच सापडतात.

ट्रंकेतल्या कागदांना लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका, घड्या इस्त्रीने उलगडू नका. ज्या क्रमाने गठ्ठा बांधलेला आहे त्या क्रमाचाच आधी फोटो घ्या. कोणता कागद कशाबरोबर ठेवला होता यालाही अर्थ असतो. खरेदीखत, गहाणखत, वाटणीपत्र, दत्तकपत्र, मृत्युपत्र, घरपट्टीच्या पावत्या असे ढीग नंतर करा. मोडीतले कागद वाचता येत नाहीत म्हणून बाजूला टाकू नका. त्यांच्यावरचा स्टॅम्प तुम्हाला आजही वाचता येतो: व्हिक्टोरिया राणीचा मुखवटा असेल तर कागद साधारण १९०१ पर्यंतचा, सातवा एडवर्ड १९१० पर्यंत, पाचवा जॉर्ज १९३६ पर्यंत. जुना शिल्लक स्टॅम्प वर्ष-दोन वर्षं पुढेही वापरला जाई, एवढी सूट ठेवा.

प्रॉपर्टी कार्ड आणि त्याच्यामागची वही

गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. तो शेतजमिनीचा. नगर भूमापन झालेल्या गावात घराच्या जागेला सिटी सर्व्हे नंबर असतो आणि त्याचं मालमत्ता पत्रक, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड. महाभूमीच्या संकेतस्थळावर डिजिटल सहीचं कार्ड मिळतं, पण इतिहासासाठी ते पुरत नाही. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करून जुन्या हस्तलिखित कार्डाची नक्कल मागा. संगणकीकरणात जुने कंस केलेले, म्हणजे हक्क संपलेले मालक, खोडलेले शेरे आणि समासातल्या बारीक नोंदी गळालेल्या असू शकतात.

कार्डावर "हक्काचा मूळ धारक" असा रकाना असतो. इथे बहुतेकांची फसगत होते, माझीही झाली. मूळ धारक म्हणजे घर बांधणारा नव्हे, पहिला मालकही नव्हे. नगर भूमापनाची चौकशी झाली तेव्हा हक्क जितका मागे नेता आला तिथलं ते नाव आहे. बरेचदा भूमापनाच्या दिवशी घरात राहत असलेले आजोबाच "मूळ धारक" असतात. खालच्या फेरफार नोंदींत ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर आणि अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालन कर्ता. अ.पा.क. दिसलं की समजायचं, कर्ता माणूस अकाली गेला आणि मागे लहान मूल होतं.

कार्डापेक्षा मोलाची असते चौकशी नोंदवही. भूमापनाच्या वेळी चौकशी अधिकारी घरोघरी गेला, जागा कशी आली ते विचारलं, कागद पाहिले आणि टिपून ठेवलं. नक्कल मागताना "प्रॉपर्टी कार्ड" एवढंच म्हणाल तर ही वही कोणी काढून देणार नाही. तिचं नाव घेऊन, सिटी सर्व्हे नंबर घालून वेगळा अर्ज करा. माझ्या अर्जावर पहिल्यांदा "उपलब्ध नाही" असा शेरा आला. दुसऱ्यांदा मी स्वतः गेले, रेकॉर्डकीपरशी बोलले, आणि वही शेजारच्या पेठेच्या गठ्ठ्यात निघाली. आमच्या नंबरापुढे लिहिलं होतं: "घर माडीचे, परसू. खरेदी. खत पाहिले." खरेदी! पेशव्यांनी दिलेला वाडा आम्ही विकत घेतला होता.

त्याच वेळी नगर भूमापनाच्या नकाशाचीही नक्कल घ्या आणि घर आज जसं उभं आहे त्याचा आराखडा तिच्यावर ठेवून बघा. नकाशात मोकळं परसू आणि आज तिथे दोन खोल्या, तर त्या खोल्या भूमापनानंतरच्या. बांधकामाबद्दल कागदावर मिळणाऱ्या मोजक्या पुराव्यांपैकी हा एक.

खेड्यातल्या घराला कार्ड नसेल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे कर आकारणी नोंदवही बघा. २०२०पासूनच्या स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी करून गावठाणाची नवी कार्डं दिली जात आहेत. मालकीसाठी ती चांगलीच, पण त्यांच्या पोटात इतिहास नाही. नगरपालिकेत घरपट्टीच्या जुन्या आकारणी वह्या मागा. आकारणी एकदम वाढली असेल त्या साली बहुधा बांधकाम वाढलेलं असतं.

खरेदीखताची साखळी

खरेदी झाली म्हटल्यावर पुढचा मुक्काम दुय्यम निबंधक कार्यालय. नोंदणी कायदा १९०८चा असला तरी त्याआधी १८६४, १८६६, १८७१ आणि १८७७चे कायदे होऊन गेले, त्यामुळे तिथवरच्या दस्तांची आशा धरायला हरकत नाही. स्थावराच्या दस्तांचं पहिलं पुस्तक आणि त्याच्या सूच्या फी भरून कोणालाही बघता येतात, कायद्याच्या कलम ५७नेच तशी मुभा दिली आहे. मृत्युपत्रांचं पुस्तक असं सर्वांना खुलं नसतं. ऑनलाइन शोध अलीकडच्या काही दशकांपुरताच. वकील लोक करतात तो "सर्च" बहुधा तीस वर्षांचा असतो, आपल्याला मागे सव्वाशे वर्षं जायचं आहे. तेव्हा डबा बरोबर घेऊन जा.

सूची क्रमांक १ नावांची, सूची क्रमांक २ मिळकतीची. नवखा माणूस "इंडेक्स टू"मध्ये सिटी सर्व्हे नंबर शोधतो. पण भूमापनाच्या आधी तो नंबरच अस्तित्वात नव्हता. त्या काळात मिळकत ओळखली जाई ती पेठ, म्युनिसिपालिटीचा घर नंबर आणि चतुःसीमा यांवरून. म्हणून जुन्या वर्षांसाठी नावावरून शोधा. नाव आडनावाखाली असेलच असंही नाही, गोविंद "ग"मध्ये सापडतो. "बिन" किंवा "वलद" म्हणजे "चा मुलगा", ते मधलं नाव समजू नका.

दस्त मिळाला की चतुःसीमा अक्षर न अक्षर उतरवून घ्या. पूर्वेस कोणाचं घर, दक्षिणेस कोणता बोळ. साखळी तुटली की याच चतुःसीमा पूल होतात, कारण तुमचं घर शेजाऱ्याच्या खतातही असतं. आमच्या खरेदीच्या आधीचा दस्त काही केल्या सापडेना. शेवटी शेजारच्या सोनारांच्या घराचं जुनं खत त्यांच्या सुनेने कपाटातून काढून दिलं. त्यात पश्चिमेची सीमा होती: "जळके वाड्याची पांढरी". पांढरी म्हणजे घराची जुनी जागा. आमच्या जागी आधी एक वाडा होता आणि तो जळाला होता.

आता घराकडे बघा

एवढं कळल्यावर मी पहिल्यांदा घर नीट पाहिलं. दिवसा, हातात बॅटरी आणि टेप घेऊन, माळ्यापासून जोत्यापर्यंत.

पहिलं काम मोजमाप. जुन्या कागदांत घराचा आकार खणांत सांगितलेला असतो. दोन खांबांमधलं किंवा दोन तुळयांमधलं अंतर म्हणजे एक खण. कागदावर "पाच खणी सोपा" असेल आणि आज सात खण मोजले गेले तर दोन मागाहून जोडलेले. कुठून जोडले ते कडीपाटाच्या, म्हणजे लाकडी छताच्या रंगावरून, लाकडाच्या जाडीवरून आणि जोत्याच्या दगडात पडलेल्या उभ्या सांध्यावरून दिसतं.

खांब बारकाईने बघा. सुरूच्या झाडासारखा घडवलेला, वर केळफुलाची नक्षी असलेला खांब पेशवाईची शैली सांगतो. फक्त शैली, साल नव्हे. चांगलं सागवान कोणी टाकून देत नसे. पडलेल्या वाड्याचे खांब नव्या वाड्यात जात, आजही जुन्या बाजारात जातात. म्हणून खांबाच्या अंगावर रिकामी खोबण शोधा, जिच्यात आज काहीच बसलेलं नाही. अशी खोबण म्हणजे हे लाकूड आधी दुसऱ्या ठिकाणी उभं होतं. आमच्या ओसरीच्या सहा खांबांपैकी चारांना अशा खोबणी आहेत. दोन खांबांचं मागचं अंग कोळशासारखं काळं आहे, चुन्याचे हात देऊन झाकलेलं. त्याला टेकून मी लहानपणी अभ्यास केला होता.

छप्पर तारखेच्या बाबतीत फार प्रामाणिक असतं. मंगळुरी कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशनने मंगळूरला १८६५ साली काढला. त्याआधी घरांवर नळीची कौलं, नाहीतर गवत किंवा धाब्याची माती. कौलाच्या पोटावर कारखान्याचं नाव असतं, म्हणून शाकारणीच्या वेळी चार कौलं उलटी करून फोटो घ्या. पण कौलं बदलली जातात, तेव्हा ती छपराची तारीख समजा, घराची नव्हे. लोखंडी तुळईवरही कारखान्याचं नाव उठवलेलं असतं. "डोरमन लाँग" असेल तर ती कंपनीच १८७५ची, त्याआधीची तुळई शक्य नाही. माजघरात रंगीत नक्षीची सिमेंटची फरशी असेल तर मागे एखादा शिक्का सापडतो का बघा. भारत टाइल्स ही मुंबईची कंपनी १९२२ची. असे पुरावे घर "याआधीचं नाही" एवढंच सांगतात, पण तेवढं खात्रीने सांगतात.

चुन्याच्या भिंतीवरचा गिलावा इतिहासासाठी खरवडू नका. पडलेल्या पोपड्यातून जे दिसेल ते पुरे.

मोडी आणि तारखांची भाषा

विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यापर्यंत घरगुती आणि दप्तरी कागद मोडीत लिहिले जात. ही लिपी शिकायला दोन-तीन महिन्यांची चिकाटी लागते. पुराभिलेख विभाग आणि पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ मोडीचे वर्ग घेतात. जमत नसेल तर लिप्यंतर करून घ्या, पण अक्षरओळखीपुरती तरी मोडी शिकाच. आधी शिरोरेघ, मग शब्द न तोडता सलग लिहिणं ही तिची रीत आहे. आपलं आडनाव आणि गावाचं नाव त्या जंगलात ओळखता आलं की अर्धं काम झालं. "मौ।" म्हणजे मौजे, "रा।" म्हणजे राजश्री. आकड्यापुढे एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. ४॥ रुपये म्हणजे साडेचार, हे चुकलं की घराची किंमतच चुकते.

तारखा हा खरा अडथळा. शके असेल तर चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८ मिळवा, जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९. ताळा करायला संवत्सराचं नाव आहेच. शकात १२ मिळवून ६० ने भागायचं, बाकी जितकी उरेल त्या क्रमांकाचा संवत्सर. शिवराज्याभिषेकाचा शके १५९६ घ्या: १६०८ ला ६० ने भागून बाकी ४८, आणि अठ्ठेचाळिसावा संवत्सर आनंद. कागदावरचं नाव आणि हिशेब जुळले नाहीत तर आकडा चुकीचा वाचलाय किंवा कागद संशयास्पद आहे.

पेशवाईतल्या कागदांत सुहूर सन येतो, तोही अरबी शब्दांत आणि उलट्या क्रमाने, एकं आधी: इहिदे, इसन्ने, सलास, आर्बा, खमस, सीत, सबा, समान, तिसा हे एक ते नऊ. अशर दहा, अशरीन वीस, सलासीन तीस, आर्बैन चाळीस, खमसैन पन्नास, सितैन साठ, सबैन सत्तर, समानीन ऐंशी, तिसैन नव्वद. मया शंभर, मयातैन दोनशे, अलफ हजार. "सलास सबैन मया अलफ" म्हणजे ११७३. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की १७७२-७३, थोरले माधवराव गेले ते वर्ष. सन मृगाला, म्हणजे मे-जूनच्या सुमारास बदलतो. तिथून डिसेंबरपर्यंत ५९९, पुढे ६००. शब्दांच्या वर्तनीत लेखनिकागणिक फरक असतो, तेव्हा उच्चारून वाचा.

रुपयाचं नावही बोलतं. अंकुशी, चांदवडी रुपये म्हणजे जुनी टांकसाळ. कंपनीचा सर्वत्र एकच रुपया १८३५नंतरचा.

पुराभिलेखागारात जाताना

आता, आणि आताच, जुन्या दप्तराकडे वळायचं. राज्याचं पुराभिलेखागार मुंबईत काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे. पुण्यातलं पेशवे दफ्तर म्हणून ओळखलं जातं. कोल्हापूर, नागपूर, छत्रपती संभाजीनगरलाही शाखा आहेत. तुमचं गाव संस्थानात होतं का हे आधी बघा. भोर, औंध, फलटण, सांगली ही संस्थानं १९४८ साली मुंबई राज्यात विलीन झाली आणि कोल्हापूर १९४९ साली. तोवर त्यांचे कायदे आणि कचेऱ्या आपापल्या होत्या.

कागद रुमालांत बांधलेले असतात, म्हणजे अक्षरशः कापडाच्या बासनांत. "आमच्या घराचा कागद द्या" असं म्हणून काही मिळत नाही. गाव, तर्फ, प्रांत, काळ आणि जुन्या मालकाचं नाव एवढं हातात हवं. तेही आडनावाने नव्हे, तेव्हाच्या ओळखीने: जोशी, कुलकर्णी, शेट्ये, जे वतन असेल ते. जागा इनाम असल्याची शंका असेल तर इनामांचे हक्क तपासणाऱ्या इंग्रजांच्या इनाम कमिशनच्या काळातल्या कैफियती, म्हणजे लेखी निवेदनं बघा. १८५२च्या कायद्याने कमिशनला अधिकार मिळाले आणि इनामदारांना आपला हक्क कागदांनिशी शाबीत करावा लागला. त्यासाठी त्यांनी घराण्याची हकिकत लिहून दिली. हकिकत स्वार्थासाठी लिहिलेली आहे हे लक्षात ठेवून वाचली तर वंशावळ म्हणून ती फार उपयोगी पडते.

नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी इथल्या क्षेत्रोपाध्यांच्या वह्यांत पूर्वजांच्या सह्या, मूळ गाव आणि यात्रेची तिथी मिळते. १८८५चं सातारा गॅझेटियर आणि त्याच साली निघालेलं पुण्याचं गॅझेटियर गावातल्या आगी, पूर, बाजारपेठा यांच्यासाठी चाळा, दोन्ही इंटरनेटवर फुकट आहेत. छापील कुलवृत्तांत वंशावळीसाठी बरे, पराक्रमांसाठी मीठ चिमूटभर घेऊन वाचावेत.

जुळवणी

शेवटी एक लांब कागद घ्या. डावीकडे साल आणि उजवीकडे जागा, मालक, बांधकाम असे तीन रकाने. प्रत्येक नोंदीपुढे ती कुठून आली ते लिहा: खत, चौकशी नोंदवही, खांब, आत्या. ऐकीव गोष्ट शिसपेन्सिलीने, पाहिलेला पुरावा शाईने. आमच्या कागदावर १८८०च्या दशकाच्या आधी मालकाच्या रकान्यात आमचं कोणीच नाही. मुन्सफ कोर्टात कारकुनी करणाऱ्या खापरपणजोबांनी जळक्या वाड्याची पांढरी विकत घेतली आणि जळून उरलेल्या खांबांवर घर उभं केलं. आधीच्या मालकाचं नाव खतात होतं. ते नाव घेऊन पुण्याला गेले तेव्हा त्याच्या घराण्याची कैफियत सापडली, आणि तिच्यात पेशव्यांनी दिलेली जागा होती. गोष्ट खोटी नव्हती. ती खरेदीखताबरोबर, जोत्यासकट आमच्याकडे आली होती.

काका हे ऐकून बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे आपण भाडेकरूच की गं, गोष्टीचे."

त्या घराण्यातल्या एक आजी कऱ्हाडला असतात, हे सोनारांच्या सुनेकडूनच कळलं. त्यांच्याकडे वाड्याबद्दल एकच वाक्य शिल्लक होतं: "आमचा होता, जळाला." मी त्यांना कैफियतीची प्रत आणि त्या काळ्या खांबांचे फोटो नेऊन दिले. त्यांनी खांब मोजले आणि विचारलं, "उरलेले कुठे गेले?" गावातल्या दोन घरांच्या ओसऱ्यांवर माझा संशय आहे. दिवाळीत टेप घेऊन जाणार आहे.